कागदोपत्री अविवाहित

लंडनच्या पिनरमध्ये कमलाकर उपासनींना आजवर कुणी फसवलेलं नाही. हे ते स्वतःच सांगतात, आणि न विचारता सांगतात. बिल्डरने फसवलं नाही, बॉयलरवाल्याने नाही, बँकेनेही नाही. सगळी नोकरी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलमध्ये गेलेली. लोकांच्या लॉफ्टमध्ये टॉर्च घेऊन शिरायचं, तुळईवरून बोट फिरवायचं आणि 'नाही' म्हणायचं, एवढंच त्यांचं काम. ते 'नाही' म्हणताना या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ना, ते बघण्यासारखं असायचं. रिटायर झाल्यावर कौन्सिल सुटलं, समाधान काही सुटलं नाही. मग ते घरच्यांना 'नाही' म्हणायला लागले.

गणपतीत आपलं मंडळ चर्चचा हॉल भाड्याने घेतं. तिथे पुरीभाजीची प्लेट हातात आली की उपासनींभोवती चार-सहा जण जमायचे, कारण साठी उलटली की सगळ्यांनाच हिवाळ्यात कुठेतरी उन्हात जाऊन पडायचं असतं.

"थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही," उपासनी सुरू करायचे. "इंचभरसुद्धा नाही. मग हे गोरे काय करतात? कंपनी काढतात. दोन-चार थाई लोकांना कागदावर भागीदार दाखवतात, आणि मग जन्मभर त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात. मी काय केलं?"

मग एक पुरी संपेपर्यंत गप्प राहायचं, ही त्यांची पद्धत होती.

"घर माझं, नाव तिचं." आणि चमच्याने हॉलच्या किचनकडे दाखवायचे. तिथे त्यांची बायको कढईशी उभी राहून सगळ्या मंडळाच्या पुऱ्या तळत असायची. अंगावर साडी पहिल्या बायकोची, आणि ब्लाउजही तिचाच, बाजूने आत घेतलेला.

तिचं नाव श्रद्धा कमलाकर उपासनी. म्हणजे मंडळात, जीपीकडे, लायब्ररीत आणि ब्रिटिश पासपोर्टवर. आईबापांनी ठेवलेलं नाव सुनिसा. हुआ हिन हे थायलंडमधलं समुद्राकाठचं गाव, तिथली ती. कच्च्या वयात पोरगी झाली, पोरीचा बाप निघून गेला, म्हणून पोरीला आजीजवळ ठेवून ही इंग्लंडला आली. हॅरोच्या एका थाई रेस्टॉरंटमध्ये भांडी घासली, मग म्हाताऱ्या-आजाऱ्यांचं करायला घरोघरी जायला लागली. तशीच एका सकाळी उपासनींच्या दारात उभी राहिली. त्यांची पहिली बायको स्वाती तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. जिना चढवेना म्हणून डायनिंग रूममध्येच तिची कॉट टाकली होती.

सुनिसाने स्वातीला न्हाऊ घातलं, तिची वेणी घातली, तिचं सगळं केलं. मराठी ती त्याच कॉटशी शिकली. उशी, खिडकी, पुरे, दुखतंय, पाणी, हे तिचे पहिले शब्द. दुसऱ्या कुणाला असली मराठी शिकायची पाळी येऊ नये. स्वाती तिला 'बाळ' म्हणायची, आणि ही तिला 'स्वातीताई'. स्वाती गेली तेव्हा घरात खरी रडली असेल तर ही. उपासनी तेव्हा क्रेमेटोरियमशी पार्किंगवरून हुज्जत घालत होते.

वर्षाने उपासनींनी तिच्याशी लग्न केलं. प्रेमबीम होतं का, असं बायका एकमेकींना विचारायच्या. थोडं असेलही. पण वरण-भाताला माणूस पाहिजे होतं आणि हे माणूस घरातलं सगळं जाणत होतं, हे जास्त. रजिस्ट्रीत सह्या झाल्या, मग घरी वेम्बलीहून गुरुजी बोलावून रीतसर पूजा. ताटात तांदूळ पसरले, उपासनींनी अंगठीने त्यात 'श्रद्धा' लिहिलं आणि बायकांनी उखाण्याचा आग्रह धरला.

"आणि सुनिसा?" तिने हळूच विचारलं.

"ती तिकडे राहिली," उपासनी म्हणाले. सगळे हसले. तीही हसली, कारण सगळे हसत होते.

आता तांदळात नाव तर आपल्याकडे सगळेच लिहितात. दुसऱ्या दिवशी तांदूळ डब्यात जातात आणि ऑफिसात बायका आपापल्या जुन्या नावाने सह्या करतात. पण उपासनी पडले कौन्सिलचे, अर्धवट काम त्यांना खपत नाही. त्यांनी सॉलिसिटरकडे जाऊन तिचं नाव कायदेशीर बदलून घेतलं. अख्खं, पहिल्या अक्षरापासून. पुढे ब्रिटिश नागरिकत्व घेतलं तेही श्रद्धा म्हणून. "आता कुठे कशात गफलत राहिली नाही," असं ते मंडळात सांगत होते.

घरात फिश सॉसची बाटली चालणार नाही, हाही त्यांचाच नियम. वास येतो. म्हणून ती बाटली मागच्या शेडमध्ये, लॉनमोअरच्या शेजारी. श्रद्धा सगळ्यांची जेवणं झाली की आपला भात घेऊन शेडमध्ये जायची, उलट्या बादलीवर बसायची, आणि हुआ हिनमधल्या आपल्या लेकीला, प्लोयला, व्हिडिओ कॉल लावायची. घरात थाई बोललेलं उपासनींना आवडायचं नाही. आपल्याबद्दलच बोलताहेत असं वाटतं म्हणे. थंडीत तिथे एक जुनं कार्डिगन खिळ्याला टांगून ठेवलेलं असायचं. स्वातीनेच तिला दिलं होतं ते, अगदी सुरुवातीला, ती अजून सुनिसा होती तेव्हा.

मग ते घर. हुआ हिनला एकदा सहज म्हणून गेले, आणि कमलाकर उपासनींना त्या उन्हाने धरलं. गुडघे दुखायचे थांबले. समुद्र जरा लांब, पण व्हरांड्यातून दिसायचा, आणि व्हरांड्यात वेताची खुर्ची टाकली की माणूस तासन्‌तास तिथून हलत नव्हता. याच खुर्चीत आपण मरायचं, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं. थट्टा नाही, खरंच ठरवलं. स्वातीसारखं डायनिंग रूममध्ये, बाहेर चार वाजता अंधार पडलेला असताना, नळीला जोडलेल्या अवस्थेत त्यांना मरायचं नव्हतं. त्या माणसाला आयुष्यात मनापासून हवी असलेली ही एकच गोष्ट होती, तेवढी त्यांची मानायला हवी.

तिथल्या वकिलाने दोन रस्ते सांगितले. एक, लग्न थायलंडमध्ये नोंदवा, आणि जमिनीच्या कचेरीत नवऱ्याने लिहून द्यायचं की पैसा सगळा बायकोचा, माझा यावर काही हक्क नाही.

"हक्क नाही असं मी लिहून देऊ?" उपासनी म्हणाले. "नाही."

वकील दुसरा रस्ता बोलला तो आवाज खाली करून. थायलंडच्या दप्तरात हे लग्न कुठे आहे? नाहीच. तिथल्या ओळखपत्रावर ती सुनिसा आहे आणि अविवाहित आहे. एकटी बाई म्हणून घेईल. नवराच नाही म्हटल्यावर नवऱ्याच्या पैशाबद्दल कोण विचारणार?

हा रस्ता उपासनींना फार आवडला. ज्या दिवशी खरेदी झाली, त्या दिवशी ते कचेरीच्या समोरच्या टपरीवर बर्फाची कॉफी पीत बसले होते, डोक्याला टोपी, गळ्यात कॅमेरा, एखाद्या टूरिस्टसारखे. आत त्यांची बायको आपलं लग्न झालेलं नाही असं सांगून सही करत होती. मंडळात हा किस्सा ते हमखास रंगवून सांगायचे. "माझ्यादेखत माझ्या बायकोने नवरा नाकारला," म्हणायचे, "आणि मी कॉफीत साखर टाकली."

पुढचे हिवाळे तिथे गेले. आणि तिथे एक गंमत व्हायची, जी उपासनी मंडळात कधी सांगत नसत. तिथे उतरल्यावर श्रद्धा गायब. तिथे सुनिसा असायची. ती मोठ्याने हसायची, बाजारात घासाघीस करायची, बागवाला माणूस काय लावू, काय तोडू, हे तिला विचारायचा. उपासनींना सगळी गल्ली 'लुंग' म्हणायची. लुंग म्हणजे काका. कुणाचा काका, हे कुणी विचारत नव्हतं. फिश सॉसची बाटली तिथे उघड ओट्यावर असायची. उपासनी खुर्चीत बसून हे बघायचे आणि त्यांच्या मनात एक काटा सलायचा की ही बाई इथे माझी वाटत नाही. परतीच्या विमानात मात्र ती पुन्हा साडीत, पुन्हा 'अहो'. मग यांचा जीव भांड्यात पडायचा.

दरम्यान तिच्या थाई ओळखपत्राची मुदत संपली. तिथल्या कचेरीत नवीन करून घेते म्हणाली, तर हे म्हणाले, "कशाला? ब्रिटिश पासपोर्ट आहे की." तेही राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात तिची पाठ दुखायला लागली. जन्मभर म्हाताऱ्यांना उचललेली बाई, पाठ दुखणारच, म्हणून दोघांनीही लक्ष दिलं नाही. निघाला कॅन्सर, स्वादुपिंडाचा, आणि फार पुढे गेलेला. हॉस्पिटलमधली डॉक्टर पोरसवदा होती, पण तिने लपवलं नाही. "कुठे जायचं असेल, तर लगेच जा," ती म्हणाली. "या महिन्यात तुम्ही विमानात बसू शकता. पुढच्या महिन्याचं मी सांगत नाही."

कार पार्कमध्ये सुनिसाने हात मांडीवर ठेवले आणि सांगितलं, "अहो, मला हुआ हिनला न्या. व्हरांड्यात झोपीन मी. प्लोय येईल, ती करील सगळा. तुम्हाला त्रास नको."

उपासनी गाडी रिव्हर्स घेत होते. आरशात बघत म्हणाले, "बघू."

आपल्याकडे नवऱ्याच्या 'बघू'चा अर्थ लहान पोरालाही कळतो. तिलाही कळला.

सकाळी त्यांनी हुआ हिनच्या वकिलाला फोन लावला. ती मरेल हे पचवायला त्यांना एक संध्याकाळ लागली. त्यानंतर डोक्यात राहिली ती खुर्ची. वकील म्हणाला, ती गेली की घर मुलीचं. तसं नको असेल तर तिने जिवंतपणी घर एखाद्या कंपनीच्या नावावर करून द्यावं, कंपनी मी उभी करतो. तिला इकडे आणा, सकाळी ओळखपत्र, दुपारी सही, संध्याकाळी तुम्ही मोकळे. किंवा मग लंडनच्या थाई वकिलातीत तिच्याकडून मुखत्यारपत्र करून पाठवा.

सरळ माणसाने तिकीट काढलं असतं. तिला जायचंच होतं, सहीही तिथेच सोपी होती. एका दगडात दोन पक्षी मरत होते. पण उपासनींना कुणी फसवलेलं नाही ना! त्यांना दिसायला लागलं ते असं: तिथे उतरल्यावर ती सुनिसा होईल, उशाशी पोरगी बसेल, नातेवाईक जमतील, थाईत कुजबुज होईल, आणि आपण लुंग होऊन कोपऱ्यात उभे राहू.

"आधी सही," ते तिला म्हणाले. "मग तिकीट."

"सही करते ना. मी कुठे नाही बोलले? पण तिकीट आत्ता काढा, अहो. तिकडे करते सही."

"आधी सही."

वकिलातीत न्यायला त्यांचा आणि स्वातीचा मुलगा शार्दूल मिल्टन कीन्सहून गाडी घेऊन आला. हॅरोत जन्मलेला, आयटीतला, वाईट नाही, पण वडिलांपुढे तोंड उघडायची सवय नसलेला. व्हीलचेअरमध्ये बसलेल्या सुनिसाला तिच्या फुलाफुलांच्या ब्लाउजमध्ये जायचं होतं. उपासनी म्हणाले, साडी नेस, बरं दिसतं. मग ती स्वातीची साडी नेसून आपल्या देशाच्या कचेरीत गेली.

काउंटरवर एक जाड चष्म्याची बाई होती. सुनिसाने हात जोडले, बाईने हात जोडले, आणि दोघी थाईत बोलायला लागल्या. सुनिसा मध्येच हसलीसुद्धा. आजार निघाल्यापासून ती हसली नव्हती. मग बाईने ओळखपत्र मागितलं. ते संपलेलं. दुसरं काही? उपासनींनी ब्रिटिश पासपोर्ट सरकवला. बाईने तो उघडला, फोटो बघितला, नाव बघितलं, आणि इंग्रजीत उपासनींना विचारलं, "श्रद्धा कोण?"

"माझी बायको."

"आणि घर ज्यांच्या नावावर आहे त्या सुनिसा?"

तोंडाशी आलेला शब्द उपासनींनी गिळला. समोर ठेवलेल्या मुखत्यारपत्रात अविवाहित असं लिहिलं होतं. तेच खरेदीखतात होतं. त्यावरच सगळं उभं होतं. बायको म्हटलं तर तिथली खरेदी खोटी, नाही म्हटलं तर ही खुर्चीतली बाई कोण?

"फ्रेंड," ते म्हणाले.

व्हीलचेअर त्यांच्या कमरेशीच होती. सुनिसाने मान वर केली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली.

काउंटरवरच्या बाईने पुढे काही विचारलं नाही. ओळखपत्र नवीन झाल्याशिवाय मी सही घेऊ शकत नाही, म्हणाली. इथे त्यासाठी अपॉइंटमेंट घ्यावी लागेल, काही आठवडे जातील. आणि मग व्हीलचेअरकडे बघून, "यांना घरी का नेत नाही तुम्ही? तिथे हे एका सकाळीत होतं."

परतताना गाडीत शार्दूलने पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाबा, just book the flight ना. तिकडे सगळं होते. And she wants to go anyway."

"तुला यातलं काही कळत नाही."

मागच्या सीटवरून सुनिसा म्हणाली, "अहो. मी करीन सही. शप्पथ."

"कुणाची?"

"स्वातीताईंची."

शपथ घ्यायला तिला या देशात दुसरं माणूस नव्हतं. उपासनी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि वकिलातीची अपॉइंटमेंट बुक केली.

अपॉइंटमेंटचा दिवस आला तेव्हा तिला उशीवरून मान उचलवत नव्हती.

डायनिंग रूममध्ये कॉट आली. तीच जागा, तीच भिंत, वर स्वातीचा फोटो. इतकी वर्षं रोज सकाळी या फोटोला ती हार घालत आली होती. आता फोटो तिच्याकडे बघत होता. प्लोयचे फोन येत राहायचे, म्हणून उपासनींनी सुनिसाचा फोनच आपल्या खिशात टाकला. "तू दमतेस बोलून," म्हणाले. खरं तर त्यांना भीती होती की पोरगी फोनवरून काहीतरी लिहून घेईल. प्लोयने व्हिसाला अर्ज केला होता. तो यायचा होता.

मंडळातली शिल्पा पळनिटकर डबा घेऊन यायची. तिला सुनिसाने एकदा विचारलं, मला शेडमध्ये नेशील का, थोडा वेळ. शिल्पाने उपासनींकडे बघितलं.

"गारठा आहे," उपासनी म्हणाले.

"मग तिचं ते सॉस तरी आत आणू का? भातावर घालते थोडं. काही जात नाहीये तिला."

"वास बसतो पडद्यांना."

शिल्पा उठली. घरी जाऊन नवऱ्यापाशी रडली, पण उपासनींना चार शब्द सुनवायची हिंमत तिला झाली नाही. आपल्या मंडळात कुणालाच होत नाही. आपण डबे देतो.

शेवटी शेवटी तिची मराठी गेली. मागून आलेली सगळी आधी गेली, 'अहो'सुद्धा गेलं. ती थाईतच बोलायची, पुष्कळ बोलायची, आणि उपासनी खुर्चीत बसून "हो, हो" म्हणायचे. काय बोलतेय हे त्यांना कळत नव्हतं. शिकायचं कधी सुचलंच नव्हतं. थाईच्या मधून मधून फक्त तिचे पहिले शब्द यायचे, कॉटशी शिकलेले. दुखतंय. उशी. खिडकी.

"खिडकी नको, थंडी येते," उपासनी म्हणायचे.

खिडकी बंद असतानाच ती गेली.

सगळं यथासांग झालं. गुरुजी वेम्बलीचेच. त्यांनी श्रद्धा हे नाव घेतलं, उपासन्यांचं गोत्र घेतलं. मंडळाने छापलेल्या कागदावर ती किती मनमिळाऊ होती आणि पुरणपोळी कशी करायची, एवढं होतं. क्रेमेटोरियमने हिरव्या प्लॅस्टिकच्या बरणीत अस्थी दिल्या, वर लेबल: श्रद्धा कमलाकर उपासनी.

तेराव्यानंतर उपासनींनी वकिलाला फोन लावला. "मी तिचा नवरा आहे. नवऱ्याचा काही हक्क असेल की नाही?"

"कुणाचे नवरे, सर?" वकील म्हणाला. माणूस उद्धट नव्हता, सवयीने विचारत होता.

"सुनिसाचा."

"आमच्या फाइलमध्ये त्या अविवाहित आहेत. तुम्हीच तसं हवं म्हणालात."

"माझ्याकडे लग्नाचा दाखला आहे. मृत्यूचा दाखला आहे."

"मृत्यूचा दाखला कुणाच्या नावाचा?"

उपासनींनी दाखल्याची घडी घातली.

"तुम्ही कोर्टात जाऊ शकता," वकील म्हणाला. "श्रद्धा म्हणजेच सुनिसा हे सिद्ध होईल. पण मग पहिला प्रश्न येईल की लग्न झालेलं असताना तिने नाही असं का सांगितलं, आणि पैसा कुणाचा होता. जिंकलात तरी परदेशी माणसाला जमीन ठेवता येत नाही, विकावीच लागेल. माझं ऐका, मुलीशी गोड बोला. तिने लीज करून दिलं तर तीस वर्षं तुम्हाला कुणी हलवणार नाही."

तीस वर्षं म्हणजे आपल्या खुर्चीपुरती चिक्कार. उपासनींना हुरूप आला. पण गोड बोलणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. त्यांनी विचार केला की पोरीला आपल्याकडून काय हवं असणार. आणि उठून ती हिरवी बरणी कपाटात ठेवली, आणि किल्ली खिशात.

प्लोयचा व्हिसा आईच्या तेराव्यानंतर आला. तिशीची पोरगी, हॉटेलात रिसेप्शनला होती, इंग्रजी स्वच्छ. दारात चपला काढून, सुटकेस भिंतीशी उभी करून ती सोफ्याच्या कडेवर बसली. शार्दूल आला होता, त्याने चहा आणून ठेवला.

"आईला न्यायला आलेय," प्लोय म्हणाली. "सगळी नको. थोडी द्या. आजी अजून आहे, तिला बघायचंय."

"आधी लीज," उपासनी म्हणाले.

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी फोड करून सांगितलं. घरावर तीस वर्षांचं लीज, जमिनीच्या कचेरीत नोंदवलेलं. ते हातात पडलं की अस्थी. थोड्या नाही, सगळ्या नेल्या तरी चालतील.

"बाबा," शार्दूल म्हणाला, आणि नेहमीसारखा तिथेच थांबला.

प्लोयने चहाचा कप हलकेच दूर सरकवला. मग म्हणाली, "बघू तरी द्या मला."

उपासनींनी कपाट उघडलं. बघायला काय जातंय. बरणी टीपॉयवर ठेवली, हात मात्र झाकणावरच. प्लोयने खाली वाकून लेबल वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, ओठ हलवून, परक्या भाषेतलं वाचतात तसं.

"आजारी आहे हे कळलं ना, त्या दिवशी आईने मला फोन केला होता," ती म्हणाली. "तुमच्या शेडमधून. म्हणाली, लुंगला घरातून काढू नकोस. तो म्हातारा आहे, त्याला अंधारात मरायची भीती वाटते. मरेपर्यंत त्याला तिथे राहू दे, कागद करून दे. मी हो म्हटलं होतं. तुम्हाला आज तेच सांगणार होते, चहा झाल्यावर. परतीच्या विमानात तुमच्यासाठी जागासुद्धा धरून ठेवलीय."

उपासनींचा हात झाकणावरून निघाला. "मग प्रश्नच नाही," ते घाईघाईने म्हणाले. "तुझ्या आईचीच इच्छा आहे म्हटल्यावर... घे, तू घे. सगळ्या घे."

त्यांनी बरणी तिच्याकडे सरकवली. तिने ती तेवढीच, शांतपणे, परत सरकवली.

"ही तुमची बायको आहे, तुम्ही ठेवा," प्लोय म्हणाली. "माझ्या आईचं लग्न झालेलं नव्हतं. तुमच्या वकिलानेच मला सांगितलंय."

मग तिने शार्दूलला विचारलं, "शेड कुठे आहे?"

इतक्या वर्षांत आईचं लंडन म्हणून तिने एवढंच बघितलं होतं: आईचा चेहरा, मागे लॉनमोअर, आणि खिळ्याला कार्डिगन. शार्दूलने तिला मागच्या दाराने नेलं. किचनच्या खिडकीतून उपासनींना दिसत होतं, ती उलट्या बादलीवर बसली होती, कार्डिगन तोंडावर धरून. फार वेळ बसली. परत आली तेव्हा कार्डिगन तिच्या हातावर होतं. आमचे भिक्खू यावर मंत्र म्हणतील, ती शार्दूलला म्हणाली, नाव मी सांगेन. चपला घातल्या आणि गेली. शार्दूल तिला हीथ्रोला सोडायला गेला. तिथून तो पिनरला परत आला नाही, परस्पर मिल्टन कीन्सला गेला. आता आठवड्यातून एकदा फोन करतो, तोही बायको आठवण करून देते म्हणून.

बरणी अजून टीपॉयवरच आहे. स्वातीच्या फोटोशेजारी ठेवावी तर तिथे श्रद्धाचा फोटो हवा, आणि एकटीचा असा तिचा फोटो या घरात नाही. सगळ्यांत ती कुणाला तरी वाढतेय.

डिसेंबरात चार वाजता दिवे लागले की उपासनी लॅपटॉप घेऊन बसतात. परवा त्यांना हुआ हिनच्या एका एजंटच्या पानावर ते घर विक्रीला लावलेलं दिसलं. समुद्र दिसणारा व्हरांडा, लगेच ताबा. फोटो मोठा करून बघितला. वेताची खुर्ची होती तिथेच होती, आणि तिच्या हातावर त्यांचा वाचायचा चष्मा, मागच्या मार्चमध्ये विसरलेला. खाली लिहिलं होतं, फर्निचरसकट.